नावातला दगड

पाटील या आडनावाचा अरबीत अर्थ 'रद्द' असा होतो. मुळात होत नाही, मी तो करून दाखवला.

त्याचं असं झालं. अरबी लिपीत प नाही, त्यामुळे पाटलांचे आधी बाटील होतात. ट पण नाही, म्हणून त लावावा लागतो. त दोन आहेत, एक साधा आणि एक जाडा. मी तेव्हा नवीन होतो आणि पाटील म्हटल्यावर जाडाच शोभेल असं मला वाटलं. त्या नादात पुढची वेलांटी आखूड झाली आणि तयार झालं 'बातिल'. आपल्या 'रद्दबातल'मधला बातल तो हाच. सांगलीकडचा एक धडधाकट गडी सरकारी खिडकीपुढे उभा आणि अर्जावर नाव 'सुरेश रद्दबातल'. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पाहिला, माणूस पाहिला, पुन्हा अर्ज पाहिला आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

मी केलं होतं. तेव्हापासून बहरीनमधल्या पाटलांत माझं नाव आहे. चांगलं नाही, पण आहे.

मी तुबलीला एका टायपिंग ऑफिसात काम करतो. तुबली हा गॅरेजांचा मुलूख. आमच्या एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला डेंटिंग-पेंटिंग, मध्ये आमचं काचेचं दार, ज्यावरची धूळ पुसली की लगेच नवी बसते. इथे राहणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला कधी ना कधी अरबीत अर्ज करावा लागतो. व्हिसा, सीपीआर म्हणजे इथलं ओळखपत्र, मुलाचा जन्म, बायकोला आणणं, मेलेल्याला गावी पाठवणं. त्या अर्जांवर माणसाचं नाव अरबीत घालणं हे माझं काम. बाहेरच्यांना वाटतं, यात काय, ऐकायचं आणि टाइप करायचं. पण आपलं नाव तीन तोंडांतून जातं. आईने ठेवलं मराठीत, पासपोर्टवाल्याने घातलं इंग्रजीत, आणि त्या इंग्रजीवरून मी ते ओढतो अरबीत. तिसऱ्या तोंडापर्यंत चव्हाण शाफान होतात, गायकवाड जायकवाड होतात, आणि पोपटराव नावाच्या माणसाने इथे येऊच नये असं माझं प्रामाणिक मत आहे. बरं, एकदा जे अक्षर पडलं तेच जन्मभर सगळ्या कागदांवर पडलं पाहिजे. एक टिंब सरकलं की तुम्ही दुसरे.

ऑफिसचे मालक अबू यूसुफ. म्हणजे यूसुफचे वडील. खरं नाव वेगळं आहे, पण इथे बाप झालेल्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. मनामाच्या बाजारात हिंदुस्थानी दुकानदारांच्या मांडीवर वाढले, त्यामुळे त्यांचं हिंदी माझ्या अरबीपेक्षा तर सोडाच, माझ्या हिंदीपेक्षाही चांगलं. पाटील प्रकरणानंतर त्यांनी मला समोर बसवलं, चहा दिला आणि एक नियम दिला.

"गौतम, नाम का मतलब मफी. नाम का आवाज. जो सुना वो लिखा, खलास."

मफी म्हणजे नाही. अर्थ नाही, आवाज. या धंद्यात एवढा एकच नियम आहे, आणि तोच मी मोडला.

मला बिघडवलं वर्गीसने. अस्करच्या बाजूला अॅल्युमिनियमचा मोठा कारखाना आहे, तिथे हा केरळी गृहस्थ कामाला. चर्चच्या दाखल्यावर त्याचं नाव जॉर्ज, पासपोर्टवर वर्गीस. खिडकीचं म्हणणं, ही दोन माणसं आहेत. वर्गीस माझ्यापुढे बसून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सेम नेम, सर. ओल्ड स्टाइल." मला वाटलं, थापा मारतोय. वैतागून घरी जाऊन शोधत बसलो तर थाप नव्हती. मूळ ग्रीक नाव गेओर्गिओस, म्हणजे जमीन कसणारा. ते सिरियाच्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडी गीवर्गीस झालं, केरळच्या किनाऱ्याला लागताना पुढचं 'गी' गळून पडलं आणि उरला वर्गीस. इंग्रजाने त्याचाच जॉर्ज केला. थोडक्यात वर्गीस, जॉर्ज आणि आपला कुणबी ही एकच असामी. मी तसं, कुणबी वगळून, अर्जाला जोडलं. अर्ज मंजूर झाला. अबू यूसुफनी पाठ थोपटली.

ती पाठ थोपटली नसती तर फार बरं झालं असतं. मी नावांचा जाणकार झालो.

येवल्याजवळच्या खेड्यातला मी बौद्ध माणूस, चर्चमध्ये लग्नाला गेलो असेन तेवढाच. पण पहिल्या दोन-तीन शतकांतल्या ख्रिस्ती माणसांची नावं मला भुरळ घालून बसली. शुक्रवारची सुट्टी त्यात जायची. बायको म्हणायची, "स्वतःच्या नातेवाइकांची नावं आठवत नाहीत, आणि रोमची चौकशी चाललीय." तोमा, म्हणजे थॉमस, याचा अर्थ जुळा. ते नावच नव्हे, गावातली ओळख आहे. खरं नाव दुसरं असावं असं म्हणतात. म्हणजे जगभर लाखो लोक 'जुळ्या' या नावाने हिंडतायत आणि दुसरा कुठे गेला हे कोणी विचारत नाही. मी विचारायचो. येणाऱ्या प्रत्येक थॉमसला विचारायचो. त्यातले बरेच पुन्हा आले नाहीत.

सगळ्यांत जीव जडला तो तेर्तियसवर. येशूचा प्रचार करत गावोगाव फिरणाऱ्या पौलाने रोमच्या मंडळींना मोठं पत्र लिहिलं, म्हणजे सांगितलं. लिहून घेतलं तेर्तियसने. तेर्तियस म्हणजे तिसरा. बहुतेक गुलामाच्या घरातला असावा. मुलांना नावं द्यायची कोणाला फुरसत, पहिला, दुसरा, तिसरा. त्याच पत्रात पुढे एक क्वार्तुस येतो, म्हणजे चौथा. तर हा तिसरा, एवढं थोरलं पत्र उतरवून घेता घेता शेवटाशी हळूच मध्ये घुसतो आणि हे लिहिणारा मी, माझाही नमस्कार, असं स्वतःचं एक वाक्य टाकून मोकळा होतो. दोन हजार वर्षं झाली, कोणी ते खोडलं नाही. आमच्या धंद्यातला माणूस. आमच्याही अर्जाखाली 'टाइप करणार' अशी एक ओळ असते. तिथे मी 'गौतम के. साळवे' घालत आलो.

के म्हणजे कचरू. माझे वडील. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आजीने नाव ठेवलं कचरू, की नजर लागू नये. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीत नव्या नावांची लाट आली. आनंद, राहुल, सिद्धार्थ, आणि पुढे माझ्यासारखे गौतम. वडिलांनी घरातले देव बाहेर काढले, सगळं बदललं, नाव तेवढं बदललं नाही. लोकांनी डोकं फोडलं तेव्हा म्हणाले, "आईनं या नावानं मला जेवायला बोलावलंय. दुसऱ्या नावाला मी उठणार नाही." गाव सोडल्यावर मला त्या नावाची लाज वाटायची. मग एकदा वाचलं की सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांवर स्तेर्कोरियस असं नाव सापडतं. शेणाचा, उकिरड्याचा. दुसरं एक प्रोयेक्टस, म्हणजे टाकून दिलेला. ही उकिरड्यावर सापडलेली पोरं होती की नम्रपणा म्हणून घेतलेली नावं, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला वाद नको होता. रोममध्ये माझ्या बापाचे नाववाले निघाले एवढं पुरे होतं. तरी अर्जावर मात्र के.च राहिला.

इतकी तयारी असलेल्या माणसापुढे एके दिवशी थॉमस आणि फिबी येऊन बसले.

थॉमस वसईचा, इथे हॉटेलात हिशेब बघतो. फिबी वांद्र्याची, नर्स. राहायला सनाबिसला. फिबीच्या मांडीवर नवं कोरं बाळ, जन्मनोंदणीचा अर्ज भरायचा, आणि नाव ठरलेलं नाही. नाव न ठरवता नावाचा अर्ज भरायला येणारी माणसं मला नवीन नाहीत. ती आली की मी पाणी मागवतो.

"भाऊ, आमच्यात पहिल्या मुलाला आज्याचं नाव असतं," थॉमस म्हणाला. "पप्पांचं नाव पेद्रू."

"आणि शाळेत मुलं त्याला काय म्हणतील?" फिबी. "अंकल, तुम्हीच सांगा, जेडन किती मॉडर्न वाटतं."

"जेडन हे नाव आहे की टूथपेस्ट?"

"तुझ्या पप्पांना आठवणार तरी आहे का काय ठेवलं ते?"

फिबी, आपण जास्त बोललो हे समजून, बाळाची टोपी सारखी करत बसली. मग थॉमसने मला सांगितलं. वडिलांना विस्मरणाचा आजार. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं गेली, मग मुलीचं गेलं. थॉमसला ते कधी स्वतःचा भाऊ समजतात, कधी मेडिकलवाला. "पण स्वतःचं नाव पक्कं आहे, भाऊ. पेद्रू म्हटलं की अजून ओ देतात. तेही जाईल. ते जायच्या आत त्यांच्या मांडीवर त्यांच्या नावाचं पोर ठेवायचंय. बाप्तिस्मा गावातच करायचा."

"आणि माझी लीव संपत आलीय," फिबी हळूच म्हणाली. "जायचं तर आत्ता. नंतर वर्षभर नाही मिळणार."

इथे शहाण्या माणसाने विचारलं असतं, बरं मग काय टाइप करू. मी खुर्ची पुढे ओढली.

"हे बघा," मी म्हणालो, "तुम्ही भांडताय ते ख्रिश्चन नाव कुठलं यावरून. तर तसं काही नव्हतंच. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आपापली जुनीच नावं ठेवली होती. एकाचं नाव हर्मीस, ग्रीकांचा देव. फिबी पण देवीच. चकाकणारी. चंद्राची देवी."

"मी देवी?" फिबी म्हणाली. "अंकल, मम्मीला नका सांगू. तिने सेंटचं नाव म्हणून ठेवलंय."

"सेंटचं आहेच. पौलाचं पत्र जिने रोमला पोचवलं असं मानतात, ती बाई. पण तिच्या आईबापांनी ठेवलं ते देवीचं. नाव बदलायला हवं असं तिला वाटलं नाही. पीटर, पॉल अशी नावं पोरांना ठेवायची लाट पुढे दोनशे वर्षांनी आली."

"म्हणजे जेडन चालेल," फिबी म्हणाली.

"म्हणजे पेद्रू पण चालेल," थॉमस म्हणाला.

हे असं माझ्या प्रत्येक व्याख्यानाचं होतं. दोन्ही बाजूंना पुरावा मिळतो.

मग मी मुद्द्यावर आलो. येशूने शिमोन नावाच्या कोळ्याला नवं नाव दिलं, केफा. त्यांच्या अरमाईक बोलीत केफा म्हणजे खडक. ग्रीक लोकांना केफा कळेना, म्हणून त्यांनी अर्थ काढून पेत्रोस केलं. त्याचा पोर्तुगीजांनी पेद्रू केला, इंग्रजांनी पीटर, अरबी ख्रिस्ती लोकांनी बुतरुस. "सगळ्यांचा अर्थ एकच. दगड. आमच्याकडे त्यालाच धोंडू म्हणतात."

"म्हणजे मी माझ्या बेबीचं नाव धोंडू ठेवणार?"

"जेडनपेक्षा बरं," थॉमस म्हणाला, आणि फिबीला हसू फुटलं. हसता हसता तडजोड झाली. कागदावर पीटर, घरात पेद्रू, आणि जेडन पुढच्या खेपेला. दोघं खुशीत गेली. जाताना थॉमस म्हणाला, "भाऊ, तुमच्यामुळे मिटलं."

मिटलं म्हणे.

आता अर्ज टाइप करायचा होता. पीटर. प नाही, म्हणून ब. ट नाही, म्हणून त. आवाजाने लिहिलं की होतं 'बीतर'. या देशात असे शेकडो बीतर सुखाने नांदतायत. पण माझ्या अर्धवट अरबीने डोळा मारला. ब, त, र ही अक्षरं एकत्र आली की अरबीत अर्थ होतो कापणं, छाटणं. ज्याचा वंश खुंटला त्यालाही त्यातूनच शब्द आहे. म्हणजे आजा तिकडे विरतोय आणि नातवाच्या नावात मी छाटाछाटी घालू? माझं मन धजेना. शिवाय अरबीत बुतरुस असं खानदानी नाव तयार आहे, शेकडो वर्षं चालत आलेलं, त्याच दगडाचं. पोराला चांगलं नाव द्यायच्या उमाळ्याने मी टाइप केलं, बुतरुस. वर स्वतःवर खूश होऊन चहा प्यालो.

इंग्रजी दाखला अरबी नोंदीवरून निघतो. तो ज्या कोणी काढला त्याने धंद्याचा नियम तंतोतंत पाळला. अर्थ काढला नाही. जे दिसलं त्याचा आवाज इंग्रजीत लिहिला. बुतरुस.

थॉमस दाखला घेऊन आला तेव्हा त्याने दार आपटलं नाही, कारण आमचं दार आपटत नाही, हळूहळू मिटतं. ते मिटायच्या आत त्याने दाखला माझ्यापुढे ठेवला.

"भाऊ, हा कोण?"

"पीटरच आहे," मी म्हणालो. "अरबीतला."

"माझा पोरगा अरबी आहे?"

"अर्थ तोच आहे, थॉमस."

"पप्पा अर्थाला ओ देणार आहेत का?"

अबू यूसुफ आतल्या खोलीतून बाहेर आले, दाखला डोळ्यांजवळ धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम ने फिर मतलब निकाला?"

मी म्हणालो, बाबा, बीतर म्हणजे छाटणं होतं. ते म्हणाले, माझ्या उभ्या आयुष्यात एकाही बीतरला कोणी छाटलेलं नाही. मी म्हणालो, हे मीच पहिलं केलं असं नाही, खुद्द ग्रीकांनी केफाचा अर्थ काढून पेत्रोस केला होता.

"उन का सीपीआर नहीं था," अबू यूसुफ म्हणाले.

खरंच आहे. पौल बहुतेक ठिकाणी केफा असंच लिहितो, आवाज जसाच्या तसा. तो आमच्या ऑफिसात टिकला असता. मात्र त्यालाही शौल आणि पौल अशी दोन नावं होती, तेव्हा खिडकीवर त्यालाही फेऱ्या पडल्याच असत्या.

दुरुस्तीचा अर्ज दिला. दुरुस्ती म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही तो सुखी. चूक करायला एक बोट लागतं. ती चूक होती हे सिद्ध करायला आईबापांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, त्याचं भाषांतर, त्या भाषांतरावर शिक्का आणि चूक करणाऱ्याचं लेखी निवेदन लागतं. निवेदनात मी आधी केफापासून सुरुवात केली होती. अबू यूसुफनी ते फाडलं आणि एका ओळीत लिहवून घेतलं, 'टायपिस्टची चूक.' खिडकीवरच्या माणसांचा काही दोष नव्हता. ती बिचारी मला ओळखू लागली होती. लांबून दिसलो की म्हणायची, इंशाल्ला उद्या, बुतरुस. मलाच बुतरुस म्हणू लागली. तेही चूक नव्हतं. मराठीत ज्याला दगड म्हणतात तो त्या प्रकरणात मीच होतो.

उद्या काही उगवेना आणि फिबीची लीव सरत चालली. गावाहून थॉमसच्या बहिणीचा फोन यायचा; पप्पांनी आज आरशातल्या माणसाला नाव विचारलं, म्हणाली. थॉमसने ठरवलं, दुरुस्ती होईल तेव्हा होईल. आहे त्या दाखल्यावर दूतावासातून बाळाचा पासपोर्ट काढला, नाव बुतरुस, आणि तिकिटं काढली. निघायच्या आधी दोघं कागद न्यायला आली. थॉमसने कागद उचलले आणि दाराशी जाऊन उभा राहिला. फिबीने बाळाला खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "अंकल, एक रिक्वेस्ट. आम्ही येईपर्यंत कोणाला काही एक्स्प्लेन करू नका."

नाही केलं. तोंड बंद ठेवून फेऱ्या मारल्या. ऑफिस सुटलं की, मधल्या सुट्टीत, डेंटिंग-पेंटिंगवाल्याची गाडी मागून. टायपिंगच्या इतक्या वर्षांत एवढ्या हट्टाने मी एकही काम केलं नव्हतं. पाटलाला त्याचं पाटीलपण परत मिळवून देतानाही नव्हतं. आणि शेवटी दुरुस्ती मंजूर झाली. नाव, बीतर. खाली शिक्का. मी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवला. दिवसातून दोनदा काढून बघायचो.

थॉमस परत आला तेव्हा एकटाच ऑफिसात आला. हातात सुकेळ्यांचा पुडा, वसईची वाळवलेली केळी. तो समोर बसायच्या आत मी पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"घे. झालं तुझं काम. पीटर."

त्याने पाकीट उघडलं नाही. पुडा माझ्याकडे सरकवला.

"भाऊ, पहिल्या दिवशीच पप्पांच्या मांडीवर दिला. ओसरीवर बसले होते. फिबी बाजूला, बहीण बाजूला, सगळी वाट बघतायत. मी म्हटलं, पप्पा, हा पेद्रू. तुमच्या नावाचा."

"मग?"

"त्यांनी हात काढून घेतले. बाळ पडलंच असतं, फिबीने धरलं. म्हणाले, पेद्रू मी. हा कोण?" थॉमसने पाकीट बाजूला सरकवलं. "मी परत सांगितलं, तुमचंच नाव ठेवलंय. तर घाबरले, भाऊ. माझं नाव का घेतलं म्हणाले. माझं आहे ते. द्या परत. तेवढं एकच उरलंय त्यांच्याकडे, आणि आम्ही ते पोराला देऊन आलो. रडायला लागले. बहीण म्हणाली, आत न्या बाळाला."

बाहेर टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू होता. मी पाणी मागवलं.

"मग फिबीच म्हणाली. म्हणाली, नाही पप्पा, पेद्रू तुम्हीच. हा बुतरुस."

"काय म्हणाले?"

"दोनदा म्हणून बघितलं. बुतरुस, बुतरुस. मग म्हणाले, हां, मग ठीक आहे. ये बुतरुस. आणि हात पुढे केले." थॉमसने खिशातून रुमाल काढला आणि नुसता हातात धरला. "आम्ही निघेपर्यंत सोडला नाही त्याला. फिबी कोण ते माहीत नाही, मी कोण ते माहीत नाही. आता बहीण फोन करते तर म्हणते, रोज विचारतात, बुतरुस जेवला का? बाप्तिस्मा पण त्याच नावाने झाला. फादर म्हणाले, संताचंच नाव आहे, कुठल्या का भाषेत असेना."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण पुढे काय येणार ते मला दिसू लागलं होतं.

"तर भाऊ," थॉमस म्हणाला, "ही दुरुस्ती रद्द करायची."

मी पाकिटाकडे पाहिलं. पाकिटातल्या शिक्क्याकडे पाहिलं. त्या शिक्क्यासाठी मी डेंटिंग-पेंटिंगवाल्याचे किती उपकार घेतले होते. दुरुस्ती रद्द करायची म्हणजे दुरुस्तीची दुरुस्ती. पुन्हा दोघांचे पासपोर्ट, पुन्हा लग्नाचा दाखला, पुन्हा भाषांतर, पुन्हा त्या खिडकीपुढे जाऊन सांगायचं की आधीची चूक चूक नव्हती. खिडकीवरचे मला बुतरुस म्हणूनच हाक मारणार.

"थॉमस," मी म्हणालो, "तुझा जुळा भाऊ असेल तर यापुढे त्याला पाठव. तू येऊ नकोस."

तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा.

अर्ज टाइप करायला बसलो. अबू यूसुफ मागे येऊन उभे राहिले, माझ्यावर नजर ठेवायला. थॉमसची सगळी हकिकत त्यांनी आतून ऐकली होती. बाळाचं नाव, बुतरुस. बापाचं नाव, तूमास, आवाजाने, तोमा नाही. आजोबांचं नाव, बद्रू, तेही आवाजाने. कारण या रकान्यात मी लिहिलं, 'आधीची चूक बरोबर होती.' ते त्यांनी खोडायला लावलं आणि सांगितलं, लिही, 'कुटुंबाच्या इच्छेवरून.'

खाली 'टाइप करणार' ही ओळ आली. बोट के. वर गेलं आणि थांबलं. मग मी पूर्ण लिहिलं. च नाही, म्हणून श. कशरू. गौतम कशरू साळवे.

अबू यूसुफ वाकले. चष्मा वर केला. इतक्या वर्षांत कुठल्याही नावाबद्दल जे त्यांनी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कशरू? इस का मतलब क्या है?"

"मतलब मफी, बाबा," मी म्हणालो. "आवाज है."